शांतिदूत माता: पोर्तुगालची राणी संत एलिझाबेथ

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी, ज्यांच्या श्रमाने हे मंदिर उभे राहिले त्यांचे आपण कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहोत. परंतु ज्या माता व आज्या सायंकाळी मुलानातवंडांस जवळ बसवून रोजरी म्हणावयास शिकवीत आल्या, त्यांचे स्मरण केल्यावाचून हा उत्सव पुरा व्हावयाचा नाही. म्हणून अशा एका मातेचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो. ती राणी होती खरी. पण तिच्या घरी जो कलह माजला, तो आपणांपैकी पुष्कळांच्या घरांस अपरिचित नाही.

एलिझाबेथ, अथवा पोर्तुगीज लोक म्हणतात त्याप्रमाणे इझाबेल, ही १२७१ साली आरागॉनच्या राजकुळात जन्मली. तिचा पिता पेद्रो पुढे तेथील राजा झाला. हंगेरीची संत एलिझाबेथ ही तिच्या आजीची बहीण. तिचेच नाव या मुलीस देण्यात आले. बाळपणापासून प्रार्थना, उपवास व दानधर्म यांची तिला गोडी होती. १२८२ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, पोर्तुगालचा राजा दिनिश याजबरोबर तिचा विवाह झाला.

राजा दिनिश हा प्रजाहितदक्ष, विद्येचा चाहता व स्वतः कवी होता. परंतु पती या नात्याने तो एकनिष्ठ राहिला नाही. परस्त्रियांपासून त्यास अनेक मुले झाली. राणीस १२९० साली कॉन्स्तान्सा ही कन्या व १२९१ साली आफोन्सो हा पुत्र झाला. आपल्या पोटच्या मुलांबरोबर पतीच्या त्या इतर मुलांच्या पालनपोषणाकडेही तिने ममतेने लक्ष पुरविले. मातापित्यांच्या पापाचा दोष निष्पाप लेकरांवर लादणे तिच्या धर्मबुद्धीस रुचले नाही.

तिची दानशूरता सर्वविश्रुत आहे. गोरगरिबांसाठी पदरात नेलेल्या दानाची गुलाबपुष्पे झाल्याची आख्यायिका तिच्याविषयी, आणि हंगेरीच्या संत एलिझाबेथविषयीही, सांगतात. तथापि तिच्या पुण्याईची खरी कसोटी तिच्या घरातच लागावयाची होती.

राजाच्या अनौरस पुत्रांपैकी आफोन्सो सांचेश हा त्याचा विशेष लाडका होता. राज्य त्यालाच मिळेल की काय, या भीतीने राणीच्या पुत्राने बापाविरुद्ध बंड उभारले, आणि १३१९ पासून १३२४ पर्यंत देशात यादवी माजली. मुलाला आतून मदत करते, असा संशय घेऊन राजाने राणीचे उत्पन्न हिरावून घेतले व तिला आलेंकेर येथे धाडून दिले. पुत्राचा पक्ष घेण्यास तिला पतीचे सारे अपराध पुरेसे होते, आणि पुत्राला सोडून देण्यास तिच्यावर ओढवलेली ही शिक्षा पुरेशी होती. तिने दोहोंपैकी काहीच केले नाही. पतीस पती व पुत्रास पुत्र मानून ती उभयतांची मनधरणी करीत राहिली. १३२३ साली लिस्बनजवळ आल्व्हालादे येथे बापलेकांची सैन्ये समोरासमोर ठाकली असता, ती खेचरावर बसून दोन्ही फौजांच्या मधून गेली व तिने तो रक्तपात टाळला, असे परंपरा सांगते.

राजा दिनिश आजारी पडला तेव्हा याच राणीने त्याची शुश्रूषा केली. ७ जानेवारी १३२५ रोजी त्याने देह ठेवला. त्याच वर्षी ती सांतियागो येथे प्रेषित संत याकोब यांच्या समाधीच्या यात्रेस गेली व आपला राजमुकुट तिने तेथे अर्पण केला. तदनंतर कोइंब्रा येथे क्लारा भगिनींच्या मठाशेजारी ती राहू लागली. तिने त्यांचा वेष धारण केला. परंतु हाती असलेले धन गरिबांच्या कामी यावे म्हणून मठाची व्रते घेतली नाहीत. तेथे तिने गोरगरिबांकरिता रुग्णालय स्थापिले.

इतके होऊनही घर शांत झाले नाही. पुत्र आफोन्सो गादीवर येताच त्याने सावत्र भावास हद्दपार करून त्याची मालमत्ता जप्त केली. पुढे याहून बिकट प्रसंग आला. कन्या कॉन्स्तान्सा ही कास्तीलच्या राजास दिली होती. ती १३१३ साली वारली व तिचा चिमुकला मुलगा आल्फोन्सो पोरका झाला. कास्तीलचा राजा असलेला तोच पुढे १३२८ साली पोर्तुगालच्या राजकन्येशी, म्हणजे सख्ख्या मामाची मुलगी मारिया हिच्याशी, विवाहबद्ध झाला. पण त्याने मारियेची अवहेलना करून दुसऱ्याच स्त्रीशी संसार मांडला. मुलीच्या या अपमानाने व इतर कारणांनी संतापून आफोन्सो राजाने १३३६ साली भाच्याविरुद्ध शस्त्र उपसले.

जिचा छळ झाला ती इझाबेलची नात, ज्याने केला तो तिचा नातू, आणि युद्धास निघालेला तिचा पुत्र! पासष्ट वर्षांच्या त्या वृद्धेने ऐन उन्हाळ्यात कोइंब्रा सोडले आणि दूरच्या एस्त्रेमोझ नगरात पुत्राची गाठ घेतली. प्रवासाच्या श्रमाने व तापाने तिला तेथेच गाठले, आणि ४ जुलै १३३६ रोजी ती प्रभूच्या घरी गेली. तह झालेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते. तो १३३९ साली झाला. त्यापुढील वर्षी सालादो नदीकाठच्या लढाईत मामा व भाचा एकाच बाजूने लढले.

पोप आठवे अर्बन यांनी १६२५ साली तिला संतपद दिले. त्या काळी आपल्या वसई प्रांतावर पोर्तुगीज अमल होता. म्हणून या राणीचे नाव आपल्या पूर्वजांच्या इतिहासाला अगदीच परके नाही.

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, बांधावरून, वाटणीवरून, सुनेच्या अथवा जावयाच्या बोलण्यावरून आपल्यातही भावाभावांचे बोलणे बंद होते, आणि एकाच मिस्सेस येऊन ते दोन बाजूंच्या बाकांवर बसतात. अशा घरी एखादी वृद्ध माता दोन्ही उंबरठे झिजवीत असते. आपल्या प्रार्थनेचे फळ कदाचित तिच्या डोळ्यांदेखत येणार नाही. तरी तिने खचू नये, आणि तिच्या लेकरांनी तिला मरेपर्यंत वाट पाहावयास लावू नये. या ज्युबिली वर्षात एकमेकांस क्षमा करून आपण प्रभूच्या मेजाजवळ एकत्र यावे, याकरिता संत एलिझाबेथ आपल्यासाठी विनंती करो.