कडबा कापायच्या यंत्रापासून लोखंडी नांगरापर्यंत : गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ती पंडित. पण पोराचं मन पोथीत कमी, चित्रात जास्त. १८८५ साली तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथं लक्षात आलं की काही रंग त्याला नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचं राहिलं. मग यंत्रांची रेखाटनं शिकला आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवायला लागला.

तिथं बढतीची पाळी त्यांची असताना जागा एका अँग्लो-इंडियनला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते थेट बेळगावला परतले. थोरले बंधू रामूअण्णा तिथं सायकली विकायचे. दोघं भाऊ मिळून सायकलीच्या दुकानात राबू लागले.

खरी गोष्ट इथून पुढं. गावाकडचा माणूस असल्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर माती पलटी करतो, हरळी-कुंदा मुळासकट वर येतो. तरी कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा समज होता! पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या कुणी धंदा बदलला असता. शेतकरी नवी वस्तू दुसऱ्याच्या रानात बघितल्याशिवाय घेत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच एवढी कळ काढतो.

पुढं बेळगावात शहरवाढीसाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग, दुसरं काही नाही. १९१० साली पंचवीसेक कामगार घेऊन दोघं भाऊ तिथं उतरले. माळ साफ करून वसाहत उभी केली. तिथं शिवाशिव चालायची नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीचं काम दिलं, हे तर त्या काळात धाडसच.

आज कारखान्यातून ट्रॅक्टर निघतात आणि रानात पलटी नांगर फिरतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.