विश्लेषण : मोटर, मीटर, टीव्ही... सगळेच ‘स्मार्ट’! ही कल्पना मांडणारे मार्क वायझर कोण होते?

कर्जत (जि. अहिल्यानगर) : शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की पूर्वी बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागे. साप-विंचवाची भीती असे, आणि मोटर चालू करून घरी यावे तोवर फेज गेलेला असे. आता अनेक शेतकऱ्यांच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसवलेले एक छोटे यंत्र असते. घरातून फोन लावला की मोटर चालू होते. फेज गेला किंवा विहिरीचे पाणी तुटले तर यंत्र मोटर स्वतःच बंद करते. कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात जळालेली मोटर ही किरकोळ गोष्ट नाही.

या पेटीत एक छोटा संगणक आहे, पण तिला कुणी संगणक म्हणत नाही. संगणकाने असेच नजरेआड व्हावे, अशी इच्छा तीन दशकांपूर्वी एका अमेरिकी शास्त्रज्ञाने धरली होती. त्यांचे नाव मार्क वायझर. ‘युबिक्विटस कम्प्युटिंग’ म्हणजे सर्वव्यापी संगणन, ही संज्ञा १९८८ मध्ये त्यांनीच रूढ केली.

पदवी नाही, थेट पीएचडी

वायझर यांचा जन्म २३ जुलै १९५२ रोजी इलिनॉय राज्यातील हार्वे येथे झाला. फ्लोरिडातील न्यू कॉलेजमध्ये ते शिकायला गेले, पण फीचे पैसे संपले आणि पदवी न घेताच बाहेर पडावे लागले. मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे त्यांनी प्रोग्रॅमर म्हणून नोकरी धरली. तिथल्याच विद्यापीठाने पुढे त्यांना पदवी नसतानाही पदव्युत्तर अभ्यासाला घेतले आणि १९७९ मध्ये ते डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले.

डॉक्टरेटच्या प्रबंधातच त्यांनी ‘प्रोग्रॅम स्लायसिंग’ ही पद्धत मांडली आणि त्यानंतर मेरिलँड विद्यापीठात शिकवले. दिवा लागत नसेल तर वायरमन सगळे घर उकरत नाही, त्या दिव्यापासून उलटा मागे वायर तपासत जातो. तसेच, प्रोग्रॅममध्ये एखादे उत्तर चुकले तर त्या उत्तरावर परिणाम करणाऱ्या ओळीच तेवढ्या बाजूला काढायच्या. एवढ्या एका कामावरही संगणकशास्त्रात त्यांचे नाव राहिले असते.

पार्कमध्ये काय घडले?

१९८७ मध्ये ते झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील ‘पार्क’ या संशोधन केंद्रात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. खिडक्या, चित्रे आणि माउस यांवर चालणारा ‘अल्टो’ हा संगणक, लेझर प्रिंटर, इथरनेट ही सारी याच केंद्राची देणगी. थोडक्यात, संगणक माणसाच्या टेबलावर आणून ठेवणारी ही जागा, आणि तो टेबलावरून उठवायचा असे वायझर म्हणू लागले. माणसाला संगणकाच्या जगात नेणारी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ त्यांना नेमकी उलटी दिशा वाटे.

नुसती कल्पना मांडून ते थांबले नाहीत. इंचाच्या मापाचे खिशातले ‘टॅब’, फुटाच्या मापाचे वहीसारखे ‘पॅड’ आणि यार्डाच्या मापाचे भिंतीवरचे ‘बोर्ड’ अशी साधने त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. टॅब छतावरच्या इन्फ्रारेड यंत्राशी बोले, त्यामुळे तो कोणत्या खोलीत आहे हे प्रणालीला कळे. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखात त्यांनी हे सारे जगापुढे ठेवले. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती १९९५ मध्ये. तेव्हा आपल्याकडे गावोगावी एसटीडी बूथ होते.

त्यांच्या विचारांवर तत्त्वज्ञानाचा, विशेषतः हायडेगर आणि पोलानी यांचा प्रभाव होता. लोक प्रत्यक्षात काम कसे करतात याचा अभ्यास करणाऱ्या पार्कमधील मानववंशशास्त्रज्ञांकडूनही ते शिकले. हातात खुरपे असताना लक्ष तणाकडे असते, खुरप्याकडे नाही. संगणकही तसाच असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ सांगता येईल.

‘शांत तंत्रज्ञान’ ही जॉन सीली ब्राउन यांच्यासह त्यांनी पुढे मांडलेली कल्पना यातूनच आली. तिचे आवडते उदाहरण कलाकार नताली जेरेमिजेन्को यांनी पार्कमध्ये टांगलेली आठ फुटी प्लास्टिकची दोरी. छतावरची मोटर नेटवर्कच्या केबलला जोडलेली होती. माहितीची ये-जा वाढली की दोरी गरगर फिरे, कमी झाली की मधूनच हलके थरथरे. पडद्याकडे न बघताही नेटवर्कचा ताण कळे.

मग आजची ‘स्मार्ट’ उपकरणे तशीच आहेत का?

अर्धीच. संगणक सगळीकडे पोहोचले, शांत मात्र झाले नाहीत. सतत नोटिफिकेशन देणारा फोन आणि मधेच अपडेट मागणारा टीव्ही वायझर यांच्या कल्पनेत बसत नाहीत. विहिरीवरची पेटी बसते, कारण बिघाड होईपर्यंत तिची आठवणही येत नाही.

नजरेआड होण्यात धोकाही आहे, हे त्यांनी १९९१ च्या लेखातच नोंदवले होते. खोलीत शेकडो संगणक असतील तर ते पाळत ठेवण्याचे हत्यार होऊ शकतात. म्हणून सुरक्षेची तजवीज सुरुवातीलाच करावी, असा त्यांचा आग्रह होता. आज घरोघरी बसणारे टीओडी मीटर रीडिंग स्वतःच पाठवतात. रीडिंग घ्यायला माणूस यावा लागत नाही, ही सोयच. पण वीजवापराच्या तपशीलवार नोंदीवरून घर कधी जागे होते आणि कधी रिकामे असते, याचा अंदाज बांधता येतो. नोंद कुणाकडे जाते आणि किती काळ राहते, हे ग्राहकाने विचारायला हवे.

वायझर यांची दुसरी ओळख ड्रमवादकाची. त्यांच्या ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या बँडने २४ जून १९९३ रोजी पार्कमधून इंटरनेटवर थेट कार्यक्रम केला. असे करणारा तो पहिला बँड मानला जातो. १९९६ मध्ये ते पार्कचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. १९९९ च्या मार्चमध्ये कर्करोगाचे निदान झाले आणि २७ एप्रिलला, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आयफोन बाजारात यायला अजून आठ वर्षे होती.