संत्र्याच्या रसाचा थेंबही नसलेलं गोल्ड स्पॉट आणि त्याचं मूळ रोवणारे मोहनलाल चौहान

मूर्तिजापूर जंक्शनवरून नॅरोगेजची शकुंतला एक्स्प्रेस अचलपूरला जायची. त्या बाजूला अमरावती जिल्ह्याचा संत्र्याचा पट्टा. परतवाडा, मोर्शी, वरूड. पण ऐंशीच्या दशकातली पोरं ज्या संत्र्यासाठी हट्ट धरायची, ते काचेच्या बाटलीत मिळायचं. नाव गोल्ड स्पॉट. गंमत म्हणजे त्याची चव आणि रंग दोन्ही कृत्रिम होते.

या बाटलीची गोष्ट सुरू होते मोहनलाल दयाल चौहान यांच्यापासून. ते मूळचे गुजरातमधल्या वलसाडजवळच्या पारडीचे. लहान वयात मुंबईत आले, शिवणकाम शिकले आणि कापडाच्या धंद्यात जम बसवला. तेव्हा स्वदेशीचं वारं होतं. गोळ्या-बिस्किटं परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाहीत.

मोहनलाल थेट जर्मनीला गेले. गोळ्या बनवायचं तंत्र शिकले, तिथून यंत्रं आणली. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात कारखाना सुरू झाला. कामाला अवघी १२ माणसं, त्यातली बरीच घरचीच. गावावरूनच कंपनीचं नाव पडलं, पार्ले. पहिला माल होता संत्र्याच्या चवीची गोळी. ग्लुको बिस्किट त्यानंतर १० वर्षांनी आलं.

मोहनलाल यांना पाच मुलं. त्यातल्या जयंतीलाल यांनी १९४९ मध्ये शीतपेयांचा धंदा उभा केला. त्यातूनच गोल्ड स्पॉट आलं. म्हणजे वडिलांची गोळी संत्र्याची आणि मुलाची बाटलीही संत्र्याचीच.

१९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोलाने देश सोडला. मैदान मोकळं झालं. थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट या तीन बाटल्या देशभर पोहोचल्या.

उदारीकरणानंतर कोका-कोला परतली. १९९३ मध्ये जयंतीलाल यांचे चिरंजीव रमेश चौहान यांनी शीतपेयांचे हे ब्रँड तिलाच विकले. थम्स अप आणि लिम्का टिकले. गोल्ड स्पॉटचं तसं झालं नाही. कोका-कोलाकडे स्वतःचं संत्र्याचं पेय होतं, फँटा. हळूहळू गोल्ड स्पॉट दुकानातून दिसेनासं झालं.

परदेशी मालाला पर्याय म्हणून मोहनलाल यांनी जे घर उभं केलं, त्याच घरातली ही बाटली परदेशी कंपनीच्या हातात जाऊन बंद पडली. विलेपार्ल्याचा तो जुना कारखानाही २०१६ मध्ये बंद झाला. संत्र्याची गोळी मात्र पार्लेच्या नावाने आजही किराणा दुकानात मिळते.