काट्याभोवती जमलेले शिपाई

पायात काटा रुतून त्याचं टोक आत मोडलं, की दुसऱ्या दिवशी काय होतं, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायांना कुणी सांगायला नको. तेंदूपत्ता तोडणारीला, मोहफुलं वेचणारीला त्याची सवयच असते. जागा लाल होते, सुजते, ठणकते, मग पू धरतो. पू म्हणजे नुसती घाण, असं आपण समजतो. पण त्यात आपल्यासाठी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात! या पेशींचं काम ज्यांनी जगाला दाखवलं, त्या इल्या मेचनिकॉफ यांची ही गोष्ट.

त्यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. लहानपणापासून किडेमुंग्या, पानंफुलं न्याहाळायचा नाद. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तरी त्यांनी लग्न मोडलं नाही. १८७३ मध्ये ती गेली. दुःखाच्या भरात त्यांनी स्वतःचाही जीव द्यायचा प्रयत्न केला, पण सुदैवाने वाचले. पुढे ओल्गाशी संसार मांडला आणि तिने त्यांना जन्मभर साथ दिली.

१८८२ साली ते इटलीत मेसिना इथे समुद्रकाठी राहत होते. घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेलेली, हे मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले! तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता मनात आलं, हे शरीराचे रखवालदार तर नसतील? त्यांनी बागेतले गुलाबाचे काटे आणून पिल्लांना टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाहतात तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

सूज हा शरीराचा बचाव आहे, असं ते सांगू लागले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, पण ते हटले नाहीत. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलं, १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल मिळालं. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. १९१६ मध्ये मेचनिकॉफ गेले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयातच ठेवल्या आहेत.

बचतगटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगते, तेव्हा बाया हमखास विचारतात, की शिपाई आपलेच, तर जंतुदोषाने माणूस दगावतो कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. जंतुदोष एका जागी असला तर शिपाई तो आवरतात. पण तो आवरेनासा झाला, की धोक्याची हाक सगळ्या अंगभर जाते आणि शिपाई बेभान होतात. यालाच डॉक्टर सेप्सिस म्हणतात. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक. चवताळलेल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, जंतू मारायचं जहाल रसायन तिथेच सोडतात. त्याने वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, हवेच्या इवल्या पिशव्यांत पाणी भरतं आणि श्वास कोंडतो. मूळ जखम पोटात असो की गर्भाशयात, धाप मात्र छातीला लागते!

तान्ह्या बाळाचं तर सगळं झपाट्याने होतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या साध्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचा जंतुदोष ओळखून घरीच इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये साऱ्या जगाने वाचलं.

म्हणून मैत्रिणींनो, बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, अंग गार किंवा गरम लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास होऊ लागले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. लगेच आशाताईला हाक मारा, दवाखाना गाठा. बाळंतिणीला ताप येऊन धाप लागली तरी तेच. शिपाई बेभान व्हायच्या आत त्यांना औषधाची कुमक मिळायला हवी.