विजेच्या आधीचा बॅकअप : गास्ताँ प्लाँते

रात्री लाईट गेले की हॉस्टेलमध्ये काय होतं ते सांगायला नको. आधी एक सामुदायिक आरोळी, मग सगळी जनता गॅलरीत, आणि सबमिशन उद्यावर! माणसांचं भागून जातं हो. पण ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे त्यांना विचारा. एअर पंप बंद, फिल्टर बंद. पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबतो आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरण्याचं काम मंदावतं. मासे मात्र श्वास घ्यायचं थांबत नाहीत. १५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, नेमकं लाईट जायच्या दिवसांत, टाकीतली शिल्लक आधीच कमी. दाटीवाटीच्या टाकीत काही तासांतच मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात.

अशा वेळी कामाला येतो तो टेबलाखालचा जड डबा. आत काय, तर शिशाच्या प्लेटा आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड. इन्व्हर्टर आणि यूपीएसमध्ये आता लिथियमही येऊ लागलंय, पण महाराष्ट्राने दोन हजारच्या दशकात जे लोडशेडिंग सोसलं ते ह्याच शिशाच्या जिवावर. ही बॅटरी ज्याने बनवली त्याचं नाव आपल्या सिलॅबसमध्ये फार तर एका ओळीत येतं. म्हणून हा लेखप्रपंच.

गास्ताँ प्लाँते १८३४ साली दक्षिण फ्रान्समधल्या ऑर्तेझ गावी जन्मला. १८५४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे लोक फायनल इयरला असतात त्या वयात, तो पॅरिसच्या 'कॉन्झर्व्हातवार दे आर ए मेतिए' ह्या संस्थेत फिजिक्सचा लेक्चर असिस्टंट म्हणून लागला. तिथे फिजिक्सचे प्राध्यापक होते एदमाँ बेकरेल (किरणोत्सर्ग शोधणाऱ्या हेन्री बेकरेलचे वडील). असिस्टंटचं काम म्हणजे आपल्या लॅब असिस्टंटसारखंच, प्रयोग मांडायचे आणि ते वर्गासमोर फसणार नाहीत हे पाहायचं. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे ह्या पठ्ठ्याला एका अजस्र, न उडणाऱ्या पक्ष्याचं जीवाश्म हाड सापडलं. तो पक्षी माणसापेक्षा उंच होता आणि पाच कोटींहून जास्त वर्षांपूर्वी जगत होता. त्याचं नाव गास्ताँवरूनच 'गॅस्टॉर्निस' ठेवलं गेलं. बॅटरीवर आज त्याचं नाव नाही, पण पक्ष्यावर आहे!

आता मुख्य काम. त्या काळी वीज मिळायची ती डॅनियल किंवा बन्सन सेलमधून. ह्या सेलमध्ये जस्त खर्च होतं. जस्त संपलं की वीज संपली, नवीन जस्त टाका. शिवाय बन्सन सेलला नायट्रिक ॲसिड लागे, त्याच्या धुराने घसा धरायचा. अशा सेलचा करंट ॲसिडच्या पाण्यात बुडवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांतून थोडा वेळ सोडला आणि मग सेल काढून टाकला, तर त्या पट्ट्या स्वतःच थोडा वेळ उलट दिशेने करंट देतात. हे आधीपासून माहीत होतं. जर्मनीत रिटरने शतकाच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं. बहुतेकांच्या लेखी ती एक कटकट होती, कारण त्याने मोजमापं बिघडत. प्लाँतेने ह्या कटकटीचाच अभ्यास केला. वेगवेगळे धातू घेऊन हा उलट करंट किती जोराचा आणि किती वेळ टिकतो हे तो बघत बसला. ह्यात शिसं पहिलं आलं. १८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये एकमेकांना चिकटू नयेत असा थर घातला, दोन्ही मिळून गुंडाळी केली आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या भांड्यात उभी केली. प्रत्येक भांड्याला सुमारे दोन व्होल्ट. मार्च १८६० मध्ये नऊ भांड्यांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. तेव्हा त्याचं वय होतं पंचवीस.

मग लगेच जगभर बॅटऱ्या खपल्या का? अजिबात नाही. ह्या भांड्याचा गुण असा की रिकामं झालं की पुन्हा भरता येतं. पण भरायचं कशाने? सॉकेट कुठे होतं भिंतीत! भरायलाही तेच बन्सन किंवा डॅनियल सेल लागत. म्हणजे जस्त जाळून वीज करायची, ती शिशात साठवायची आणि मग वापरायची. हिशेब तोट्याचाच. फायदा इतकाच की दुबळ्या सेलनी हळूहळू भरलेलं भांडं एकदम मोठा करंट देऊ शके. दुसरी अडचण म्हणजे नवा गुळगुळीत पत्रा फारच कमी वीज साठवतो. तो पुनःपुन्हा चार्ज करा, रिकामा करा, दिशा उलटवा, काही दिवस तसाच ठेवा, तेव्हा कुठे पृष्ठभाग स्पंजासारखा होऊन क्षमता वाढते. ह्याला तो 'फॉर्मेशन' म्हणे आणि त्यात महिने जात. बॅटरी कारखान्यांत हा शब्द आजही चालतो.

ज्या गोष्टीचा बॅकअप द्यायचा ती गोष्टच अजून आलेली नव्हती, आणि हा माणूस पुढची वीस वर्षं तिच्यावर काम करत राहिला. गंमत बघा, काचेच्या टाकीत मासे पाळायची लाटसुद्धा त्याच काळातली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं सार्वजनिक मत्स्यालय १८५३ चं. त्या टाक्यांचा भर पाणवनस्पतींवर होता, वनस्पती ऑक्सिजन देतील आणि मासे घेतील असा हिशेब. पंप नाही, त्यामुळे लाईट जाण्याची भीतीही नाही.

प्लाँते मात्र साठवलेली वीज घेऊन खेळत होता. शेवटी शेवटी त्याच्याकडे ८०० भांडी होती. सगळी पॅरललमध्ये चार्ज करायची आणि सिरीजमध्ये जोडून सोडायची, म्हणजे दीड हजार व्होल्टच्या वर. हीच युक्ती त्याने १८७७ मध्ये अभ्रकाच्या कपॅसिटरना लावली आणि लांब ठिणग्या काढल्या. हाय व्होल्टेज लॅबमधला मार्क्स जनरेटर ह्याच तत्त्वावर चालतो, तो आला १९२४ मध्ये. ह्या ठिणग्यांवरून त्याने गोलाकार विजेचा आणि ध्रुवीय प्रकाशाचा उलगडा करायचाही प्रयत्न केला. ते फारसं टिकलं नाही. १८७९ मध्ये सगळं संशोधन पुस्तकरूपाने काढलं.

तोवर ग्रामचा डायनॅमो आला होता आणि चार्जिंगचा प्रश्न सुटला. १८८१ मध्ये कामीय फोर ह्या फ्रेंच माणसाने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडची पेस्ट थापली. महिन्यांचं फॉर्मेशन खूपच कमी वेळात होऊ लागलं आणि धंदा सुरू झाला. त्याच वर्षी त्रूव्हेने प्लाँतेच्या धर्तीच्या बॅटऱ्यांवर पॅरिसच्या रस्त्यावर तीनचाकी चालवली. आत नेमकं काय घडतं, म्हणजे डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं, हे ग्लॅडस्टन आणि ट्राइब ह्यांनी १८८२ मध्ये सांगितलं. तोपर्यंत प्लाँतेने तेवीस वर्षं बॅटरी सुधारली होती, केमिस्ट्री पूर्ण माहीत नसताना!

टाकीवाल्यांसाठी त्याच सल्फेटची एक गोष्ट. बॅटरी रिकामी ठेवून सुट्टीला गेलात तर सल्फेट कडक होतं आणि मग चार्ज धरत नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीत ८४ वॉट-अवर असतात. निम्मेच वापरले तरी ३ वॉटचा डीसी एअर पंप चौदा तास चालतो. इन्व्हर्टरमधून एसी करायच्या भानगडीत पडू नका, कित्येकदा तो स्वतःच पंपापेक्षा जास्त खातो.

प्लाँते १८८९ मध्ये गेला, पंचावन्नाव्या वर्षी. घरोघरी विजेचे दिवे त्याने पाहिले नाहीत. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस हा त्या काळचा नावाजलेला पियानोवादक, तो मात्र १९३४ पर्यंत जगला आणि १९२८ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्याने रेकॉर्डिंगही केलं. पेस्टच्या बॅटऱ्यांनी बाजार व्यापला तरी शुद्ध शिशाच्या जाड प्लेटांचे सेल पुढेही बनत राहिले, कारण ते दोन दशकं सहज टिकत. पॉवर स्टेशनच्या आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये त्यांच्या रांगा लागत. त्या सेलना नाव होतं प्लाँते सेल.