मेलिखोवोचा डॉक्टर : भूदासाचा नातू अंतोन चेकॉव्ह

मॉस्को शहरातून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे एका लहान शहरात पोहोचते. त्याचे पूर्वीचे नाव लोपास्न्या. १९५४ साली ते बदलून 'चेकॉव्ह' असे ठेवण्यात आले. तेथून बसने थोडे पुढे गेले की मेलिखोवो हे खेडे लागते. मॉस्कोपासून सुमारे ७० किलोमीटरवरील हे ठिकाण एका दिवसात पाहून परतता येते. एक बैठे लाकडी घर, तळे, फळझाडांची बाग आणि बागेत एक छोटी खोपीवजा इमारत. याच इमारतीत १८९५ साली 'सीगल' हे जगप्रसिद्ध नाटक लिहिले गेले, म्हणून नाट्यरसिक येथे येतात. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी मात्र हे घर आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखे आहे. एका गुलामाच्या नातवाने ते विकत घेतले होते.

अंतोन चेकॉव्ह यांचे आजोबा येगोर हे व्होरोनेझ प्रांतातील एका जमीनदाराचे भूदास होते. भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला, मालकाच्या मर्जीशिवाय गाव सोडू न शकणारा माणूस. येगोर यांनी पै-पै साठवली आणि १८४१ साली ३,५०० रूबल मोजून आपले व आपल्या कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. रशियातील भूदासप्रथा कायद्याने संपली ती त्यानंतर वीस वर्षांनी, १८६१ साली. त्या वेळी अंतोन एक वर्षाचे होते.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजी अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग गावी झाला. वडील पावेल यांचे किराणा दुकान होते. त्यांचे स्वतःचे बालपण भूदासाच्या घरात गेलेले. जो मार त्यांनी खाल्ला तोच त्यांनी मुलांना दिला. १८७६ साली धंदा बुडाला आणि कुटुंब कर्जदारांना चुकवून मॉस्कोला गेले. सोळा वर्षांचे अंतोन शिक्षण पुरे करण्यासाठी एकटेच मागे राहिले. शिकवण्या करून ते पोट भरत आणि जमेल तसे पैसे घरी पाठवत. १८७९ साली त्यांनी मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शाखेत प्रवेश घेतला. घर चालवण्यासाठी ते टोपणनावाने विनोदी मासिकांतून लिहू लागले आणि १८८४ साली डॉक्टर झाले.

आजोबांनी कागदोपत्री स्वातंत्र्य मिळवले, पण मनातली गुलामी पैशाने सुटत नाही, याची चेकॉव्ह यांना तीव्र जाणीव होती. १८८९ सालच्या एका पत्रात त्यांनी भूदासाच्या वंशातील एका तरुणाची कथा सुचवली. मार खाण्याची, वरच्यांपुढे झुकण्याची सवय लागलेला तो तरुण आपल्या अंगातले दास्य हळूहळू, थेंबाथेंबाने काढून टाकतो आणि अखेर माणूस म्हणून जागा होतो. ही कथा त्यांची स्वतःचीच होती, हे वेगळे सांगायला नको.

१८९० साली, क्षयाची लक्षणे दिसू लागली असतानाही, ते सैबेरिया ओलांडून साखालिन या कैद्यांच्या बेटावर गेले. तेथे तीन महिने राहून त्यांनी घरोघरी फिरून हजारो कैद्यांची व वसाहतवाल्यांची नोंद केली. समाजाने टाकून दिलेल्या माणसांची गणना करावी, त्यांची नावे लिहून घ्यावीत, हे त्यांना आपले काम वाटले.

मेलिखोवोची जमीन त्यांनी १८९२ साली १३,००० रूबलना, बरेचसे कर्ज काढून घेतली. एके काळी विकला जाऊ शकणारा माणूस ज्या घराण्यात होता, ते घराणे आता जमीनमालक झाले. येथे त्यांना मालकाचा रुबाब मिरवता आला असता. त्यांनी दवाखाना सुरू केला. सकाळपासून दारात रोग्यांची रांग लागे. तपासणी फुकट आणि बहुधा औषधही फुकटच. डॉक्टर घरी आहेत हे शेतकऱ्यांना लांबून कळावे म्हणून निशाण उभारले जाई. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ जवळ आली. २५ गावे, ४ कारखाने आणि एका मठाची जबाबदारी त्यांनी विनावेतन पत्करली. खराब रस्त्यांवरून ते गावोगाव फिरले आणि रोग्यांसाठी जागा व साहित्य मिळावे म्हणून धनिकांची दारे ठोठावली.

शाळांची कथा याहून मोलाची. तालेझ, नोवोसेल्की आणि मेलिखोवो या तीन गावांत त्यांनी १८९६ ते १८९९ या काळात शाळा उभारल्या. स्थानिक मंडळाचे पैसे अपुरे पडत. मग ते वर्गणी जमवत आणि पदरचे घालत. आराखडा, लाकूड, कारागीर यांकडे ते स्वतः लक्ष देत. १८९७ साली रक्तस्राव होऊन क्षय निश्चित झाला, तरी हे काम थांबले नाही. शिक्षकाची हलाखीही त्यांनी जवळून पाहिली होती. 'सीगल'मधील खेड्यातला शिक्षक महिना २३ रूबलवर आई, दोन बहिणी आणि भाऊ यांना पोसतो.

खेड्यासाठी एवढे राबूनही त्यांनी खेड्याचे गोडवे गायले नाहीत. १८९७ सालच्या 'शेतकरी' या कथेत त्यांनी दारू, कर्ज, मारहाण आणि अज्ञान जसेच्या तसे दाखवले. सेन्सॉरने त्यातील भाग कापला आणि ग्रामजीवनाची पूजा बांधणारे विचारवंत नाराज झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणाला स्पष्ट नकार दिला, ते आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी खेड्याचा जाच सोसला, त्यांना खेडे दुरून रम्य दिसत नाही. पण म्हणून तेथील माणसांकडे पाठही फिरवता येत नाही.

प्रकृती खालावल्यावर १८९९ साली मेलिखोवो विकून चेकॉव्ह याल्टाला गेले. १९०१ साली त्यांनी अभिनेत्री ओल्गा क्निपर यांच्याशी विवाह केला. १९०२ साली माक्सिम गॉर्की यांची अकादमीवरील निवड सरकारच्या रोषामुळे रद्द झाली, तेव्हा चेकॉव्ह यांनी आपले अकादमीचे सदस्यत्व परत केले. झुकण्याची सवय अंगातून गेली होती, त्याचा हा पुरावा. १५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतील बाडेनवायलर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४.

मेलिखोवोचे मूळ घर पुढे टिकले नाही. आज दिसते ते पुन्हा उभारलेले आहे. नाटक लिहिले ती छोटी इमारत मात्र मूळची आहे.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले अनेक जण आज डॉक्टर, अधिकारी, प्राध्यापक आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा गावकीच्या कामाला बांधलेले होते. शिकलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरवल्याची व्यथा बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली. आपल्या मालकीच्या घराचे दार सकाळी कोणासाठी उघडते, हा प्रश्न त्या व्यथेतूनच येतो. मेलिखोवोच्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर कृतीने दिले होते. आपले उत्तर आपण प्रत्येकाने द्यायचे आहे.