अलेक्झांडर फ्लेमिंग : पेनिसिलिनच्या आधीचा शोध



फ्लेमिंग म्हटलं की मुलं लगेच पेनिसिलिन सांगतात. पण त्याआधी त्यांनी लावलेला एक शोध आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत आहे. तो मुलांना सहसा सांगितला जात नाही.

फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयात ते डॉक्टरकीला गेले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. जखमा चिघळून सैनिक मरत होते. जखमेत ओतलेली जंतुनाशकं जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींचंच जास्त नुकसान करतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. जंतूंना मारील पण माणसाला इजा करणार नाही असं काही सापडेल का, हा प्रश्न मनात राहिला.

1921 मध्ये त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःचाच शेंबूड जीवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत टाकला. काही दिवसांनी बघतात तर शेंबडाच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेलेले! मग त्यांनी अश्रू, लाळ, अंड्यातला पांढरा भाग सगळं तपासलं. अश्रू मिळवायला लिंबू वापरलं. (मुलांना हा प्रयोग करू देऊ नका बरं!) सगळीकडे तोच पदार्थ सापडला. त्याचं नाव लायसोझाइम.

हे एक विकर आहे. जीवाणूची भिंत साखरेसारख्या रेणूंच्या साखळ्यांनी बनलेली असते. लायसोझाइम पाण्याचा रेणू वापरून त्या साखळीतली कडी तोडतं. भिंत कमकुवत होते आणि जीवाणू फुटतो.

फ्लेमिंग यांनी हे डॉक्टरांच्या सभेत मांडलं, पण कोणी साधा प्रश्नही विचारला नाही. शिवाय बहुतेक घातक रोगजंतूंवर लायसोझाइम चालत नव्हतं. तरी ते खचले नाहीत. सप्टेंबर 1928 मध्ये सुट्टीवरून परतल्यावर बुरशी लागलेल्या बशीत तसाच मोकळा भाग दिसला. असं दृश्य त्यांनी आधी पाहिलेलं होतं, म्हणून ती बशी त्यांनी फेकली नाही.

पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन लायसोझाइमचाच अभ्यास करत होते. त्यातूनच ते पेनिसिलिनकडे वळले आणि त्याचं औषध तयार झालं. 1945 चं नोबेल तिघांना मिळालं. 11 मार्च 1955 रोजी फ्लेमिंग यांचं निधन झालं. लायसोझाइमची रचना 1965 मध्ये उलगडली, ती पाहायला ते नव्हते.

वर्गात एखाद्या मुलाचा प्रयोग फसला, तर त्याला हा पहिला शोध जरूर सांगा. आणि कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं, तर मुलांना सांगा, या पाण्यात आपला पहारेकरी आहे.